सामाईक डिस्क आणि तोडणीची पाळी

आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आले, तेव्हा दुष्काळ आधीच येऊन बसला होता. ऊसतोडणीची यादी ठेवायला दोन यंत्रं होती. एक शेती खात्यात, दुसरं नोंदणीच्या खिडकीवर. यादी मात्र एकाच सामाईक डिस्कवर. ती डिस्क सांभाळायला मला ठेवलं होतं. हा पंख्याखाली बसून पगार खातो, असं तोंडावर म्हणणारेही होते. म्हणोत.

तामलवाडीकडची एक बाई खिडकीवर आली. विहीर आटलेली, ऊस उभ्या उभ्या वाळत होता. तोड लवकर मिळाली तरच त्यात काही वजन राहणार होतं. अर्ज मंजूर झालेला होता. खिडकीवरच्या कारकुनानं तिचं नाव यादीत वर घेतलं. सकाळी पाहावं तर पुन्हा तळाला. परत वर घेतलं, परत तेच. बाई येत राहिली.

"साहेब, अर्जावर सही हाय न्हवं? मग मशीन का ऐकंना?"

मी राग यंत्रावर काढला.

केबल बदलली. डिस्क तपासली, ती ठणठणीत. उंदरांवर संशय घेतला, तेही निर्दोष सुटले. शेवटी एका संध्याकाळी शेती खात्यात जाऊन नुसता बसलो.

तिथल्या हेडक्लार्कच्या यंत्राला झेंडूचा वाळका हार होता. बॉयलर पेटला त्याच दिवशी त्यांनी यंत्राचीही पूजा केली, नारळ फोडला आणि यादी उघडली. ती तेव्हापासून उघडीच. वीज कारखान्याची स्वतःची, त्यामुळे यंत्र कधी बंद पडायचा प्रश्नच नव्हता. घरी निघताना ते आपल्यासमोरची यादी न चुकता डिस्कवर उतरवत. म्हणजे पूजेच्या दिवशीची जुनी यादी रोज खिडकीवरच्या ताज्या यादीच्या उरावर जाऊन बसत होती आणि तिच्यातले बदल पुसून टाकत होती.

"काका, तुम्ही हे बंद का करत नाही?"

"हंगाम सरल्याबिगर बॉयलर इझवतेत का कुणी? मग हे कसं इझवायचं?"

मला आधी हसू आलं, मग संताप. पण त्यांच्या बाजूनं ते अगदी बरोबर होतं.

मी त्यांना भावकीच्या विहिरीवरून समजावलं. एकाची पाळी चालू असताना दुसरा मोटर लावत नाही. तसंच एकानं यादी लिहायला उघडली, की तो बंद करीपर्यंत दुसऱ्यानं ती नुसती वाचायची. "आसं व्हय," ते म्हणाले, "मग आदीच सांगायचं की." डिस्कवर मी तशी सोय करून टाकली. त्यांनी यंत्राला हात जोडले आणि जुनी यादी न उतरवता बंद केली. खिडकीवर बाईचं नाव पुन्हा वर घेतलं. सकाळी ते वरच होतं.

ती आली तेव्हा मी आपणहून खिडकीशी गेलो. "मावशी, आता तुमचं नाव हलायचं नाही."

"ऊस कालच छावणीला दिला, साहेब," ती म्हणाली. "जनावरं तरी खातील. नाव काढा, म्होरल्याची पाळी यील."

मी तिच्यासमोर नाव काढलं. फार वाईट वाटलं. ती एसटी गाठायच्या घाईत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी उघडून पाहिली. नाव परत आलं नव्हतं. यंत्र बरोबर चालत होतं.