भिंगबाई

कंपनीत सगळे तिला भिंगबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडलंही होतं.

तिचं काम असं. कुठकुठले लोक एका वेबसाइटवर विकायला चित्रं पाठवत. जाहिरातवाले, पुस्तकं छापणारे ती विकत घेत. मधे बसून कोणतं चित्र दुकानात लावायचं आणि कोणतं आल्या पावली परत पाठवायचं, ते ती ठरवी. घरीच, खिडकीशेजारच्या टेबलावर बसून. त्याआधी कितीतरी वर्षं ती एका फोटो स्टुडिओत बारीक कुंचल्याने फोटोंवरचे डाग पुसत असे. स्टुडिओ बंद पडला, नजर मात्र तशीच राहिली.

पूर्वी हलके फोटो यायचे, हललेले फोटो यायचे. आताशा यंत्राकडून बनवून घेतलेल्या चित्रांचा नुसता पूर आला होता. यंत्राचं आहे एवढ्यासाठी परत करायचं नाही, अशी वरून सक्त ताकीद होती. दर्जा नसेल तरच. आणि दर्जा म्हणजे दुरून डोंगर साजरे! बोटाएवढ्या चौकोनात चित्र असं देखणं दिसे की वाटावं, लावून टाकावं. जेवणाच्या टेबलाभोवती हसणारं कुटुंब, मागे पुस्तकांचं कपाट. मग ती ते दुप्पट मोठं करी आणि एकेक कोपरा सरकवत नेई. बापाचा अंगठा ग्लासात विरघळलेला. आईच्या एका कानात डूल, दुसऱ्यात खडा. खुर्चीला तीन पाय, तरी पोरगं पडत नाही. पुस्तकांवर कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं. सगळ्यांची कातडी मेणासारखी, एकाच्याही गालावर एक छिद्र नाही. ती बटण दाबी: नामंजूर, दर्जा अपुरा.

तिचा वरिष्ठ तिच्या निम्म्या वयाचा. तो तिला मावशी म्हणे. एकदा त्याचा फोन आला.

"मावशी, तक्रार आलीय. सूर्यास्ताची सगळी चित्रं उडवलीत म्हणतो तो माणूस. एवढं वाकून कोण बघतं, असं विचारतोय."

"त्याच्या चित्रातली बाई समुद्राकडे तोंड करून उभी आहे ना? तिच्या डाव्या खांद्याशी पाणी एका उंचीवर संपतं आणि उजव्या खांद्याशी दुसऱ्या. समुद्र आहे की जिना?"

तो खो खो हसला. "छोट्या चित्रात कळत नाही हो."

"छोट्या चित्रात मीसुद्धा पंचविशीची दिसते. घेणारा ते भिंतीएवढं छापणार. मग नाव कुणाचं खराब? आपलंच ना!"

फोन ठेवला की दिवसभराचं बोलणं संपलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती लेक गेल्या वर्षी नोकरीसाठी दूर गेली होती. पडद्यावर मात्र संध्याकाळपर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं हसत असत.

लेक सुरुवातीला फोनवर रडे. इथे कुणी ओळखीचं नाही, ऑफिसातून आले की भिंतींशी बोलते, म्हणे. पुढे रडणं थांबलं आणि फोनही आखूड झाले. त्याऐवजी दर रविवारी एक फोटो येई. आई तो दोन बोटांनी ताणून ताणून बघे. डोळ्यांखाली काळं आलंय का? तोच सदरा पुन्हा? वरचं बटण तुटलंय, लावलं कसं नाही?

आणि एका रविवारी वेगळाच फोटो आला. हॉटेलातलं टेबल, पाच-सहा हसणारी मुलं-मुली, मधोमध लेक. खाली लिहिलं होतं, 'माझी गँग!'

आईने फोटो ताणला. लेकीचा गाल मेणासारखा गुळगुळीत. तिच्या खांद्यावर एक हात, पण त्या हाताचा धनीच कुठे दिसेना. शेजारच्या मुलाची बोटं एकमेकांत मिसळलेली. पोरीला कुणीच मिळालेलं नाही. मला बरं वाटावं म्हणून हे बनवून पाठवलंय, असं तिच्या मनाने घेतलं. तिने तडक फोन लावला.

"बाळा, खरं सांग, एकटीच आहेस ना तिथे?"

"म्हणजे?"

"तो फोटो खरा नाही. मला कळतं गं. तो हात कुणाचाच नाही."

"तो हात माझ्या मैत्रिणीचा आहे, आई. ती बुटकी आहे, माझ्यामागे झाकली गेली. तो शेजारचा गधडा टाळ्या वाजवत होता. आणि चेहरे फोनच गुळगुळीत करतो, हे तूच मला शिकवलंस. किती दिवसांनी कुणीतरी मिळालं गं मला. म्हटलं, आईला आधी दाखवू. आणि तू मला नापास केलंस."

फोनच्या करामती आई नव्या तपासनिसांना निरोपांतून समजावून सांगे. स्वतःच्या पोरीच्या वेळी भीती पुढे झाली आणि अक्कल मागे राहिली.

पुढचा रविवार कोरा गेला. त्याच्या पुढचाही. फोन केला तर "कामात आहे, मग बोलते." ते मग काही आलं नाही.

"मावशी," वरिष्ठ म्हणाला, "काल तुम्ही दोन्ही हात डावेच असलेली बाई पास केलीत. बरं नाहीये का?"

"बरं आहे की."

माफीचा निरोप तिने कितीदा लिहिला आणि पुसला. जे लिहावं ते चित्र नाकारताना द्यायच्या कंपनीच्या तयार कारणांसारखंच वाटे. शेवटी एका दुपारी तिने फोन हातभर लांब धरला आणि स्वतःचा फोटो काढला. ती कधीच स्वतःचा फोटो पाठवत नसे. वाकडा आला, थोडा हललेला, अर्धा कान कापलेला. दुकानात क्षणभरही टिकला नसता. ताणून न बघताच तिने तो पाठवला आणि खाली लिहिलं, 'चुकले. आता माझा फोटो तू तपास.'

ती काम सोडून फोनकडेच बघत बसली. मग अक्षरं उमटली.

'मोठा करून पाहिला. मागे माझ्या खोलीचं दार उघडं आहे. माझ्या पलंगावर तुझी उशी आहे, तुझा चष्मा आहे. तू तर म्हणालीस, तिथे ऑफिस केलंय, मजेत आहे.'

म्हटलं होतं खरं. पोरीचा जीव मागे अडकू नये म्हणून अगदी रंगवून सांगितलं होतं. कामाचं टेबल खिडकीपासून तसूभरही हललं नव्हतं.

'पाठ दुखते, तुझी गादी जरा कडक आहे,' तिने लिहिलं. पुसलं. मग लिहिलं, 'तू गेलीस तेव्हापासून तिथेच झोपते.' आणि पाठवलं.

'जेवतेस का नीट? गळ्याची हाडं दिसतायत,' लेकीने लिहिलं. 'थांब, मीटिंग संपली की फोन करते.'

पडद्यावर नवं कुटुंब येऊन हसत थांबलं होतं. तिने ते मोठं केलं नाही. फोन हातात घेऊन ती तशीच बसून राहिली.