वानखेडेकाकांचे दोन सिनेमे

पडद्यावरची नायिका मरायला लागली, की वानखेडेकाका खुर्चीखाली पायाने चपला शोधायला लागत. "आता ही निवांत मरणार. आमची घरी एकटी आहे," असं पुटपुटत ते निघून जात.

आमच्या सदाशिव पेठेतल्या चित्रपट मंडळाचा एक रिवाज होता. एका गाजलेल्या जुन्या प्रेमशोकांतिकेवर दोन सिनेमे निघाले होते, एक कृष्णधवल आणि एक अलीकडचा रंगीत. दर वर्षी ते लागोपाठच्या रविवारी दाखवायचे आणि पुढच्या बैठकीत चहाबरोबर सरस कोणता यावर काकांनी बोलायचं. काकांचा कौल ठरलेला असे. "कृष्णधवल. त्यातल्या नायकाची दाढी तरी वाढलेली आहे. रंगीतवाला महिनाभर तिच्या उशाशी बसलाय आणि शर्टाला इस्त्री? याच्या घरी आजारी माणूस कोणी पाहिलंय का?"

लोक हसत. मला हसू येत नसे, कारण मी त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होते. शैलाकाकू कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी काकांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. मी हिंजवडीहून दमून आले की ते दारात दिसत, माझ्याहून दमलेले. "तुमच्या कंपनीत शिफ्ट संपते, हे बरं आहे," म्हणत. बंगळूरचा मुलगा बाई ठेवा म्हणून मागे लागला होता. मीही एकदा तेच सुचवून पाहिलं.

"नको बाप्पा," काका म्हणाले. अमरावती सुटून तीस वर्षं झाली तरी हे 'बाप्पा' सुटलं नव्हतं. "नवीन लग्न झालं तेव्हा स्वारगेटच्या गर्दीत आमची चुकामूक झाली होती. फार घाबरली होती ती. आता जाईल तेव्हा मी शेजारी पाहिजे. मला दुसरं काही नको."

एका रविवारी दुपारी त्यांनी आमची बेल वाजवली. "जरा येतेस? ही उठत नाहीये." काकूंना पाहिल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नाही. पलंगाला लावलेल्या खुर्चीत काका जेवणानंतर टेकले होते आणि त्यांना डोळा लागला होता. डॉक्टर आले, मुलगा विमानाने आला, शेजारपाजारचे येऊन गेले. "माझा डोळा लागला हो," येईल त्याला काका तेवढंच सांगत होते. मला त्या माणसाची इतकी दया आली, की घरी येऊन मी रडले.

पुढच्या वर्षी काका दोन्ही सिनेमांना आले आणि दोन्ही वेळा शेवटपर्यंत बसून राहिले. बैठकीत अध्यक्षांनी सवयीने विचारलं, "बोला वानखेडे, कृष्णधवलच ना?"

काका खुर्चीचा हात धरून सावकाश उठले.

"फरक काही नाही हो," ते म्हणाले. "ती जाते तेव्हा दोन्हींत तो जागा असतो."