आत्याच्या पार्लरमधली आयाळ

आत्याचं पार्लर म्हणजे दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि मागच्या खोलीत केस धुवायचं बेसिन. पहिल्या खुर्चीमागे आत्या उभी राहायची आणि दुसरीमागे मी, तिची भाची. आत्याची कात्री चालायची तशीच जीभही. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची सून परत आली, कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, सगळं तिच्या जिभेवर. बायका सांगून विसरत, आत्या विसरत नसे.

म्हणून तिचं चुकायला लागलं तेव्हा आम्हाला पटेचना. एकीने खुर्चीत बसल्या बसल्या डोळे पुसत सांगितलं होतं, मुलीचं लग्न मोडलं. पुढच्या खेपेला आत्या तिला हसून म्हणाली, "मग, लग्नाचे कपडे झाले का शिवून?" बाई उठून गेली, अर्ध्या ओल्या केसांनिशी.

त्यानंतर मुख्याध्यापिकाबाईंचं प्रकरण झालं. त्यांना तपकिरी रंग हवा होता. टॉवेल सुटला तेव्हा त्यांचं डोकं घासून ठेवलेल्या तांब्याच्या कळशीसारखं झळकत होतं. बाईंनी आरशात डावीकडून-उजवीकडून डोकं पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "असू दे. आता मुलं मला लांबूनच बघून वर्गात पळतील."

त्या हसल्या, पण आत्या हसली नाही. दुकान बंद करताना मला म्हणाली, "त्यांनी 'तांबूस नको' म्हटलं होतं म्हणे. मला फक्त तांबूस आठवतंय. माझी आईसुद्धा अशीच सुरू झाली होती गं. शेवटी मला नर्स समजून आभार मानायची."

मी तिच्या हातातलं कुलूप घेऊन दाराला लावलं.

औषध आणलं मुख्याध्यापिकाबाईंनीच. कॅप्सूलची बाटली, तिच्यावर सिंहाचं चित्र. "लायन्स मेन मशरूम. सिंहाच्या आयाळीसारखं दिसतं. माझी बहीण घेते, मेंदूला चांगलं म्हणतात."

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून आता घरी बसलेले. त्यांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "आयाळ सिंहाला असते. सिंहिणीला काय उपयोग?"

"म्हणून काय तुम्ही घेणार? तुमच्या डोक्यावर आता काय उगवणार आहे?"

आत्याने कॅप्सूल सुरू केल्या आणि आठवड्याभरात तिला पंख फुटले. म्हणाली, डोक्यातली जळमटं कुणीतरी झाडून काढल्यासारखं वाटतंय. तिला सगळं आठवू लागलं. अडचण एवढीच की आठवायचं ते सगळं आतोबांबद्दलचं. लग्नाआधी त्यांनी नाच शिकायचं कबूल केलं होतं, तेही आठवलं.

"मी असं कधी म्हणालो?"

"बघा, तुम्हाला आठवत नाही. तुम्हीही घ्या एक."

कॅप्सूल घेण्यापेक्षा नाच बरा, असा विचार करून आतोबा उभे राहिले. भर दुपारी, दोन खुर्च्यांच्या मधल्या वीतभर जागेत, रेडिओवर लागेल त्या गाण्यावर आत्याने त्यांना गरागरा फिरवलं. माझ्या खुर्चीतली बाई केसांत क्लिपा तशाच ठेवून टाळ्या वाजवत होती. आतोबा बेसिनला धडकले, तरी पुन्हा आले.

मग आत्याला कॅप्सूल पुरेना. तिने भुशाने भरलेली पिशवी मागवली, तिच्यातच ते मशरूम उगवतं. केस धुवायच्या खोलीत ओल भरपूर, पिशवीला ती मानवली. आधी कापसाचा बोळा, मग मूठभर चेंडू आणि मग त्या चेंडूला पांढऱ्याशुभ्र बारीक बटा लोंबू लागल्या. बायका केस कापायला कमी आणि त्याला बघायला जास्त येऊ लागल्या. कुणी त्याला आजोबा म्हणे, कुणी सासरेबुवा. एक म्हणाली, मधे भांग पाडला तर शोभेल. आत्याने कंगवा लपवून ठेवला.

एवढं सगळं होऊन चुका मात्र होतच होत्या. एका मुलीने "केस मोकळेच, अंबाडा नको" म्हटलं, आत्याने आवळून अंबाडा बांधला. शेवटी मीच तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी बाटली वाचली. "यावर अभ्यास झालेत, पण छोटे. काहींत थोडा फायदा दिसला, काहींत नाही. खात्रीने सांगता येईल असं अजून काही नाही. मशरूम सोसत असेल तर खा, पण याला उपचार समजू नका. आता मी विचारते त्याची उत्तरं द्या."

त्यांनी शब्द सांगून पुन्हा म्हणायला लावले, उलटे आकडे मोजायला लावले. आत्याने सगळं घडाघडा सांगितलं, वर डॉक्टरीणबाईंना केस कसे कापायला हवेत तेही सांगितलं. मग त्या आत्याच्या उजव्या बाजूला जाऊन हळूच काहीतरी बोलल्या. आत्या समोर बघत बसून राहिली.

"ड्रायर कुठल्या हातात धरता?"

"उजव्या."

"किती वर्षं?"

"लग्नाच्या आधीपासून."

कानाची तपासणी झाली. आत्या काही विसरत नव्हतीच. ड्रायरच्या घरघरीपायी तिला अर्धं ऐकूच येत नव्हतं, आणि न ऐकलेलं आठवणार कुठून? रस्त्यावर आल्यावर ती इतकी हसली की तिला खांबाला धरून उभं राहावं लागलं. मला रडू आलं, म्हणून ती आणखी हसली.

कानात यंत्र बसलं त्या दिवशीच आत्याने आयाळ कापली, आपल्या सगळ्यात चांगल्या कात्रीने. मुख्याध्यापिकाबाई, मी, टॉवेल गुंडाळलेली दोन गिऱ्हाइकं, सगळे चहाच्या शेगडीभोवती जमलो. लोण्यात टाकल्यावर बटा आक्रसून सोनेरी झाल्या. आत्या तव्याकडे कान लावून उभी होती. "अगं, हे चुरचुरतं."

चव खेकड्याच्या जवळपासची होती. बाईंनी दोनदा घेतलं.

आतोबा दाराशी, नेहमीसारखे तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "आता आम्हाला शिल्लक राहील तर शपथ."

"तुमचं ताटलीत काढून ठेवलंय," आत्या पाठ न वळवता म्हणाली, "आणि मघाशी माझ्या भाजीबद्दल जे बोललात तेही ऐकलंय."

आतोबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हल्ली त्यांना काही पुटपुटायचं असलं की ते खाली जिन्यात जाऊन येतात.