आजारी न दिसणाऱ्या आक्का

आक्कांना आजारी म्हणायला कुणीच तयार नसायचं. मीसुद्धा नव्हते. सांगलीच्या दवाखान्यात पहिल्यांदा भरती झाले तेव्हा बायकांच्या वॉर्डात, माझ्या शेजारच्या खाटेवर, गोल तोंडाची, तुकतुकीत गालांची एक पन्नाशीची बाई मांडीवर सूप घेऊन बेदाणे निवडत बसली होती. कुणाच्या तरी सोबतीला आली असेल असं समजून मी विचारलं, "तुमचा पेशंट कुठंय?"

त्यांनी पदराखालचा डावा हात वर केला. त्याला सलाइन लावलेलं होतं. "ह्यो काय, बसलाय की तुमच्यापुढं," त्या म्हणाल्या.

आमचा दोघींचा आजार एकच होता. आतड्यांना आतून सूज, जखमा, दिवसभर संडासाच्या खेपा आणि रक्त. तो बरा होत नाही, नुसता दबतो. उसळला की आठवडाभर दवाखान्यात राहायचं, सलाइनमधून स्टेरॉइड घ्यायचं, मग घरी त्याच्याच गोळ्या थोड्या थोड्या करत उतरवायच्या. नव्वदच्या दशकात आमच्या वाट्याला एवढाच इलाज होता. मी पाटणला शाळेत शिकवत होते. आक्का तासगावला शेडवर बेदाणा निवडायच्या. येताना एक पुरचुंडी न निवडलेला माल घेऊनच यायच्या, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना बेदाणा आक्का म्हणायचा.

त्या औषधानं रक्त थांबतं, पण बाकी सगळं सुरू होतं. तिसऱ्या दिवशी माझे हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरवेना. मी रडायला लागले. आक्कांनी माझ्या ताटलीत मूठभर बेदाणे ओतले.

"खायाला न्हाईत हं, निवडायला. काड्या एकीकडं, काळं एकीकडं. हात थरथराय लागला की त्याला कामाला लावायचं. बसवून ठिवला की लाडावतो."

मूठभर बेदाणे निवडायला मला तासभर लागला. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. "बाई, तीन काड्या ऱ्हायल्यात. शाळंत वह्याबी अशाच तपासता व्हय?" किती दिवसांनी मी हसले होते कोण जाणे.

अशी त्यांच्याकडं प्रत्येक त्रासाची काही ना काही तोड होती. या औषधानं भूक अशी खवळते की भिंतसुद्धा खावीशी वाटते. आक्का चतकोर भाकरीचे बारीक तुकडे करून, एकेक चघळत बसायच्या. म्हणायच्या, "ही भूक माझी न्हाई, औषदाची हाय. तिला वाईच वाढायचं, पंगतीला बसवायचं न्हाई." विनाकारण रडू फुटतं, त्यावर त्यांचं म्हणणं होतं, "रडू आलं तर रडायचं. कारण हुडकाय जायचं न्हाई. कारणं लय सापडत्यात." आज इतक्या वर्षांनीही सलाइन संपता संपता माझे डोळे भरून येतात, आणि मी कारण हुडकत नाही.

पण चेहऱ्यावर त्यांच्याकडं तोड नव्हती. स्टेरॉइडनं तोंड सुजतं, गाल वर येतात. दवाखान्यातून रक्त गमावून, पायांत त्राण नसलेली बाई गावात उतरायची आणि सगळे म्हणायचे, "काय आक्का, तब्येत सुधारली की!" शेडवर बसून निवडायचं काम गाल बसलेल्या बायकांना मिळायचं. आक्कांचं गोल तोंड पाहून मुकादम त्यांना भरलेले क्रेट उचलायला लावायचा. सख्खी जाऊ त्याच शेडवर होती, तीही म्हणायची, "दवाखान्यात खाऊनपिऊन आलीया."

"मग सांगत का नाही? डॉक्टरांचा कागद दाखवा," मी म्हणाले.

"कागद कोन वाचतंय बाई? तोंड वाचत्यात."

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा एकदम भरती झालो. त्यांच्या पिशवीत पुतण्याच्या लग्नातला फोटो होता. कोपऱ्यात आक्का, काठापदराचं लुगडं, आणि भोपळ्यासारखं तोंड. मला दाखवला आणि लगेच खाटेवर पालथा घातला. "ही मी न्हवं. ही औषदाची बाई हाय."

तिसऱ्यांदा भेटल्या तेव्हा मी आधीच भरती झालेली होते, आणि मी त्यांना ओळखलंच नाही. जावेनं धरून आणलं होतं. गालांची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या होत्या. कुणाला न सांगता. गोळ्या अशा एकदम सोडल्या तर जिवावर बेततं, हे त्यांना माहीत होतं. मला त्यांनीच तर शिकवलं होतं. डॉक्टर रागावून गेले, मग मीही रागावले. भांडलेच म्हणा ना.

त्यांनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "आता सगळी मानत्यात, बाई. मुकादम सोता म्हनला, आक्का, तुमी बसून ऱ्हावा." आणि थोड्या वेळानं, "लय दमले बाई, बरी दिसून दिसून."

 पहिल्या दिवशी मीही त्यांना पेशंट कुठंय म्हणून विचारलं होतं, ते आठवलं.

त्या वेळी सूप त्यांच्या हातात राहत नव्हतं. मी निवडायची आणि त्या पडल्या पडल्या नुसत्या बघायच्या. त्या आल्याच्या चौथ्या दिवशी मला घरी सोडलं. निघताना मी सूप त्यांच्या पायाशी ठेवलं. "एकबी काडी न्हाई," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

महिन्याभरानं मी तासगावला त्यांच्या घरी गेले. बुद्धाच्या मूर्तीशेजारी आक्कांचा फोटो लावला होता. तोच, लग्नातला, मोठा करून घेतलेला. जाऊ डोळे पुसत म्हणाली, "ह्यात बघा बाई, कशी भरल्यागत हुती. लय चांगली तब्येत हुती तवा." तिच्या मनात खोट नव्हती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. माझंही तोंड तेव्हा चांगलंच गोल झालेलं होतं. "तुमचीबी सुधारलीया म्हना."

असं कुणी म्हटलं की मी नेहमी हसून मान डोलवायची. त्या दिवशी डोलवली नाही.

"नाही वहिनी, मी आजारी आहे. हा फोटो काढला तेव्हा आक्काही आजारीच होत्या."

ती पुन्हा फोटोकडं वळली. मग उठली, आतून एक उशी घेऊन आली आणि माझ्या पाठीशी ठेवली.

"मग टेकून बसा की," ती म्हणाली.