अर्स म्हणजे आयरिशच!

हॉस्पिटलात नोकरी केली की असले किस्से साठतातच. पार्टीत एखादा सांगावा, लोक हसतात. बर्मिंगहॅमच्या आमच्या वॉर्डातले हे किस्से मात्र हल्ली मी सांगायला घेते आणि मध्येच माझाच मूड जातो.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. म्हाताऱ्या पेशंट्सच्या वॉर्डात मी ज्युनियर डॉक्टर होते. एका तमिळ आजींना कुठे दुखतंय ते कुणालाच कळेना, म्हणून सिस्टरने मला बोलावलं.

"सिस्टर, मला तमिळ येत नाही. मी मराठी."

"पण डॉक्टर, तुम्ही इंडियन बोलता ना?"

आता काय बोलणार, कपाळ!

*

त्याच वॉर्डात मिसेस मॅक्लाउड आल्या. मूळच्या स्कॉटलंडमधल्या एका बेटावरच्या, लग्नानंतर बर्मिंगहॅमला आलेल्या. स्ट्रोकमध्ये इंग्लिश साफ गेलं, उरली ती लहानपणची बेटावरची भाषा, गेलिक. सारखं एकच वाक्य म्हणायच्या आणि आमच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

"बरळतायत," मी बॉसना म्हटलं.

"छे! अर्स बोलतेय ती! गेलिकचं जुनं नाव. दक्षिण स्कॉटलंडचे लोक 'आयरिश' हा शब्द तसा म्हणायचे. अर्स म्हणजे आयरिशच! नोराला बोलवा!"

नोरा आमची आयरिश नर्स.

*

नोराने कान देऊन ऐकलं आणि रडकुंडीला आली. "डॉक्टर, ही आमची आयरिश नव्हे हो! जवळची असेल, पण वेगळी. आणि माझी तरी कुठली धड? शाळेत शिकले तेवढीच."

तिला एकच शब्द लागला. दार.

आम्ही वॉर्डाचं दार उघडलं. तेच वाक्य. लावलं. तेच वाक्य.

"खिडकी उघडून बघा," बॉस म्हणाले. आम्ही तीही उघडली!

*

कँटीनमध्ये मी बॉसना विचारलं, स्कॉटलंडमधल्या भाषेला आयरिश कशाला म्हणायचं? साहेब रंगात आले. पूर्वी म्हणे तिलाच 'स्कॉटिश' म्हणत. मग दक्षिणेकडच्यांनी ते नाव आपल्या इंग्लिशसारख्या बोलीला घेतलं आणि हिला परकं नाव चिकटवलं.

"फॅसिनेटिंग, नाही?" म्हणत त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

मी माझा कप बाजूला सारला. घर हिचं, पाटी दुसऱ्याची, आणि वर हिलाच विचारायचं, तू कुठली गं?

*

त्याच आठवड्यात आमचा निखिल मित्राला घरी घेऊन आला. मी म्हटलं, "निखिल, हात धुतलेस का रे?"

मित्राने विचारलं, तुझी मम काय बोलली?

"ओह, दॅट्स जस्ट इंडियन." मग हळूच मला म्हणाला, "आई, माझा फ्रेंड आला की इंग्लिश बोल ना."

मी इंग्लिश बोलले!

*

मिसेस मॅक्लाउड गेल्या. शेवटपर्यंत तेच वाक्य म्हणत होत्या, आणि आम्ही सगळे डॉक्टर नुसते उभे.

त्यांचा मुलगा कॉव्हेंट्रीहून सामान न्यायला आला. पन्नाशीचा माणूस. दर रविवारी यायचा, आणि आई बोलायला लागली की खाली मान घालून बसायचा.

"आम्हाला शिकवलंच नाही तिने," तो म्हणाला. "काय उपयोग, म्हणायची. आयरिशच ना ती भाषा?"

"गेलिक," मी म्हटलं.

त्याने पिशवी उचलली, परत खाली ठेवली. "सारखं काय म्हणायची, कुणाला कळलं का?"

"एकच शब्द. दार."

त्याने रिकाम्या कॉटकडे बघितलं.

"कुठलं दार, डॉक्टर?"