मावशींच्या नावाखालची पाटी

विश्रामबागच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही मेंढपाळांवर माहितीपट केला. कॅमेरा मित्राकडे, निवेदन आणि पडद्यावरच्या पाट्या माझ्याकडे. पाट्या म्हणजे हातचा मळ, असं मला वाटायचं. माणूस बोलायला लागला की खाली नाव, गाव, धंदा लिहायचा आणि मोकळं व्हायचं. मावशींपाशी मात्र माझी गाडी अडली.

मावशी आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातल्या. खतासाठी मेंढरं बसवायला कुणाचं रान मिळतंय का बघायला त्यांचा नवरा कोरेगावच्या बाजूला गेला, तो परत आलाच नाही. पोलीस झाले, देवऋषी झाला. वर्षं गेली, तरी मावशींचं कुंकू तसंच होतं.

सर म्हणाले, "नावाखाली विधवा लिही. प्रेक्षकाला कळायला नको?"

मला असा राग आला! तुम्ही प्रेत बघितलंत का, हे अगदी ओठांवर आलं होतं. मित्र म्हणाला, मावशींनाच विचारू.

मावशींना विचार करावा लागला नाही. "माजं नाव कशापायी? तेच्या खुणा लिवा. उजव्या भुवईवर खोक हाय, डावा पाय वडत चालतोय. लय माणसं बगत्यात म्हणलासा न्हवं? कुनीतरी वळखंल."

सर वैतागले. हा माहितीपट आहे, हरवल्याची जाहिरात नाही, म्हणाले. मीही हट्टाला पेटले. शेवटी ठरलं की मावशी दाराशी लोकर पिंजत बसल्यात तिथं माझं निवेदन थांबवायचं आणि या खुणा तेवढ्या पडद्यावर आणायच्या. निवेदन नाही म्हटल्यावर तिथं मावशींचा श्वास ऐकू येतो. एडिटिंगच्या दिवसांत हेडफोन काढला तरी तो माझ्या कानात चालूच असायचा, जेवताना, एसटीत, कुठंही. स्टँडवर कुणी पाय ओढत चाललेला दिसला की माझी नजर आधी त्याच्या भुवईकडे जायची. मावशींचा नवरा खरंच भेटेल याची मला भीती वाटायची आणि भेटणार नाही याचीही.

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा मावशी नवं लुगडं नेसून आल्या. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. दिवे मालवले, फिल्म सुरू झाली, आणि मावशींनी खुर्ची उलटी फिरवली. आम्हा सगळ्यांकडे तोंड करून बसल्या.

मी वाकत वाकत जवळ गेले. "मावशी, पडदा मागं आहे."

"ठावं हाय गं. बगायला कुनीबी येऊ शकतंय म्हणलीस न्हवं? मग मी हितंच बगती."

एकेक रांग त्या निरखत होत्या. खुणांची पाटी आली तशा त्या उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर मागं सारला, तो या गर्दीत असलाच तर त्याला ओळखता यावं म्हणून. अक्षरं त्यांच्या अंगावर पडली. प्रोजेक्टरचा झोत थेट डोळ्यांत येत होता, त्यात त्यांना आमच्यातलं एकही तोंड दिसत नसणार. तरी डोळ्यांवर हात न धरता त्या बघत राहिल्या.