पुस्तकाबरहुकूम फोटो

माणूस जन्माला येतो तोसुद्धा आधी कुठल्यातरी पुस्तकात बघूनच येत असावा, अशी आमच्या शेजारच्या चाचांची समजूत होती. भोरच्या एसटी डेपोत त्यांनी उभी हयात इंजिनं उघडण्यात आणि मिटवण्यात घालवली. तिथं यंत्राबरोबर पुस्तक यायचं आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं की यंत्र मुकाट चालायचं. त्यावरून चाचांनी सबंध सृष्टीविषयीच अनुमान काढलं होतं. निवृत्तीनंतर ते पुस्तकावरून पोहायला शिकले. कितीतरी दिवस बाजेवर पालथे पडून हातपाय मारले आणि मग एका सकाळी नीरेत उतरले. काठावरच्या गड्यांनी बखोटीला धरून बाहेर काढल्यावर, पोटातलं पाणी निघायच्या आत ते म्हणाले, "पाणी वाहतं असंल असं त्यात लिवलंच न्हवतं." नदीनं पुस्तकाला धरून वागायला हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

अशा माणसाला पुण्याच्या जावयानं ईदेला डिजिटल कॅमेरा भेट दिला. मोबाईलमध्ये कॅमेरे यायच्या आधीचे ते दिवस. दुसरा कुणी असता तर त्यानं संध्याकाळच्या आत घरादाराचे फोटो काढले असते. चाचांनी कॅमेरा डब्यासकट कपाटात ठेवला, एसटीनं पुण्याला गेले आणि फुटपाथवरून छायाचित्रणाचं एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक घेऊन आले. कुणा परदेशी माणसाच्या पुस्तकाचा तो अनुवाद होता आणि अनुवादकानं इंग्रजी शब्दाला शिवायचं नाही असं व्रत घेतलं असावं. त्यात श्वेतसंतुलन होतं, छिद्रमान होतं, प्रकाशमापन होतं. सगळं वाचून झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा चाचांचा निश्चय. मधल्या काळात मुलगी बाळंत झाली, नातवाचा अकीका म्हणजे जावळाचा विधी झाला, घर पाहुण्यांनी भरलं. कुणीतरी म्हणालं, "चाचा, नातवाचा एक फोटो काढा की." चाचा शांतपणे म्हणाले, "अजून प्रकाशमापनावर हाये मी." शेवटी चौकातल्या स्टुडिओवाल्याला बोलवावं लागलं आणि चाचांनी त्याच्या मागं उभं राहून त्याच्या चुका काढल्या.

वाचन संपलं आणि स्वाध्याय सुरू झाले, तेव्हा आमच्या आळीचे हाल सुरू झाले. व्यक्तिचित्रणाच्या धड्यासाठी चाची रोज सकाळी खिडकीशी बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मास्तर, लगीन झाल्यापास्नं ह्यांनी इतकं निरखून कधी बघितलं न्हाई. आता बघत्यात, ते बी नाकाची सावली गालावर पडती का म्हणून." पण रोज साडी बदलून बसायच्या हेही खरं. बर्फाच्छादित प्रदेशाच्या धड्यानं तर माझाच बळी घेतला. भोरात बर्फ कुठून आणणार? चाचांनी गच्चीवर घरातल्या सगळ्या पांढऱ्या चादरी अंथरल्या, मला पांढरा सदरा घालून मध्ये बसवलं आणि थंडी वाजत असल्याचा चेहरा करायला सांगितलं. मे महिना होता. खालून जाणाऱ्या आमच्या शाळेच्या शिपायानं ते पाहिलं. त्यानंतर काही दिवस तो माझ्याशी फार मऊ आवाजात बोलायचा.

पुस्तकात एका जागी लिहिलं होतं, की अनोळखी व्यक्तीचं छायाचित्र काढण्यापूर्वी तिच्याशी संवाद साधून विश्वास संपादन करावा. चाचा वेल्ह्याच्या आठवडी बाजारात गेले आणि टोपल्या विकणाऱ्या एका बाईसमोर संवाद साधायला बसले. दिवस मावळायला परत आले ते फोटोशिवायच. मात्र त्या बाईच्या धाकट्या लेकीसाठी मार्गासनीचं एक स्थळ त्यांनी सुचवून ठेवलं होतं आणि दोन टोपल्या आणल्या होत्या. मी फोटोचं विचारलं, तर म्हणाले, "विश्वास बसला तवर उजेड गेला की, मास्तर."

हसायला आम्ही हसायचो, पण त्या माणसाची चिकाटी मोठी होती. तोरण्याच्या माथ्यावर पहिलं ऊन पडतानाचा एक फोटो त्यांना हवा होता. त्यासाठी हिवाळाभर ते वेल्ह्याच्या मुक्कामी एसटीनं जायचे, कुणाच्यातरी ओट्यावर झोपायचे आणि पहाटे कुडकुडत माळावर उभे राहायचे. कधी धुकं आडवं यायचं, कधी बटण दाबताना हात हलायचा. एकदाचा तो फोटो साधला. खरंच सुरेख होता. कड्याच्या कडेवर नुसती एक तांबडी रेघ आणि खाली अजून झोपलेली घरं. पुण्याच्या एका स्पर्धेला तो पाठवायचा ठरला. तोवर चाचा दिसेल त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तो दाखवत हिंडायचे. घरात संगणक नव्हता, त्यामुळे फोटो राहत होता तो कॅमेऱ्यातच.

त्याच आठवड्यात पाण्यातल्या प्रतिबिंबाचा धडा आला आणि चाचांना स्कूटरवर मागं बसवून मी भोरच्या पश्चिमेला एका खोऱ्यात गेलो. तिथं नव्या धरणाची दारं बंद केली होती आणि पाणी चढत होतं. खालची खाचरं बुडाली होती आणि वरचं गाव उठायच्या तयारीत होतं. कुठं कौलं उतरवत होते, कुठं वासे टेम्पोत चढत होते. आम्ही पाण्याकडं निघालो, तर एका अजून धड असलेल्या घराच्या पायरीवरून एक म्हातारा म्हणाला, "ओ फोटोवालं, आमच्या घराचा बी एक काढा की. पुन्ना काय दिसायचं न्हाई."

चाचांनी घराकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं, पिशवीतून पुस्तक काढून एक पान उलटलं. "आबा, आत्ता ऊन डोक्यावर हाये. भिंती पांढऱ्याफटक येतील. उद्या सकाळी कवळ्या उन्हात काढू, झ्याक यील."

"बरं," आबा म्हणाले. "तुमी जाणतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळं ऊन अगदी पुस्तकातल्यासारखं पडलं होतं. फक्त घराला छप्पर नव्हतं. कौलांची चळत अंगणात लागली होती, वासे टेम्पोत गेले होते. उरल्या होत्या भिंती आणि दाराची चौकट. चाचा जागच्या जागी थांबले. आबांच्या बोलण्यात राग नव्हता. "टेम्पोवाला काल सांजंला मोकळा व्हता," ते म्हणाले. "पुन्ना गावंल का न्हाई, काय नेम? ऱ्हाऊ द्या. तुमी आला ह्येच लई."

 चाचांनी पुस्तकाची पिशवी माझ्या हातात दिली. आबांना, आजींना, सुनेला चौकटीपुढं उंबऱ्याशी उभं केलं. स्वतः मागं सरले, पुढं आले, डावीकडं झाले, शेवटी अंगणातल्या धुळीत गुडघे टेकून बसले आणि बटण दाबलं. मला पडदा दाखवला. चौकटीच्या वरच्या लाकडापाशीच त्यांनी फोटो कापला होता. भिंतीच्या माथ्यावरचं मोकळं आभाळ त्यात कुठंच नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, घर शाबूत आहे.

ते बघायला शेजारपाजारचे गोळा झाले आणि मग सगळ्यांनाच फोटो हवा झाला. कुणाला चुलीपुढचा, कुणाला गोठ्यातला, कुणाला दारच्या आंब्याखालचा. चाचा घरोघर हिंडले. दुपारचं ऊन डोक्यावर आलं तरी थांबले नाहीत, संवाद साधला नाही की विश्वास संपादन केला नाही. गावातली शेवटची घरं राहिली असताना कॅमेऱ्यानं जागा संपल्याचं सांगितलं. चाचा एका दगडावर बसून जुने फोटो पुसायला लागले. चादरींच्या बर्फात बसलेला मी गेलो, खिडकीतल्या चाची गेल्या. तोरण्याच्या फोटोवर त्यांचं बोट अडलं. मी म्हणालो, "चाचा, तो राहू द्या. उद्या परत येऊ आपण."

"उद्या म्हणूनच एक घर गेलं, मास्तर," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

स्पर्धेची तारीख टळून गेली. नंतर ते पुन्हा वेल्ह्याला गेलेही, पण तशी पहाट काही त्यांना मिळाली नाही. गावाचे फोटो मात्र त्यांनी स्टुडिओतून छापून घेतले आणि भोंगवलीच्या अलीकडच्या माळावर, जिथं त्या लोकांना प्लॉट मिळाले होते, तिथं एकेका घरी स्वतः नेऊन दिले.

काही वर्षांनी आबांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. माळावर पत्र्याच्या घरांची रांग होती, झाडं अजून गुडघ्याएवढीच. आबांच्या घरात शिरल्या शिरल्या समोर तो फोटो, काचेच्या चौकटीत. आबांची नात आम्हाला हाताला धरून तिथं घेऊन गेली. ती नव्या जागेत जन्मलेली. जुनं घर तिनं पाहिलंच नव्हतं. "ह्ये आमचं गावाकडचं घर," ती म्हणाली. "हितल्यावानी अंधार न्हवता तितं. बघा, आत किती उजेड हाये."

मी निरखून पाहिलं. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या मागं, जिथं माजघराचा काळोख असायला हवा होता, तिथं ऊनच ऊन होतं. छपराविना वरून थेट पडलेलं. मागची भिंत, तिच्यातला कोनाडा, कोनाड्याखालचा सारवणाचा हात, सगळं लख्ख दिसत होतं. कॅमेऱ्याच्या त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

चुकीचं विधान कानावर पडल्यावर गप्प बसणं चाचांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलंही. चुलीपाशी आबांची सून भाकरी थापायची थांबली. आबांनी मान वर केली नाही. ते नुसते फरशीकडं बघत राहिले. चाचा गुडघ्यावर हात टेकून त्या पोरीच्या उंचीइतके खाली वाकले आणि म्हणाले, "व्हय गं. लई उजेड व्हता तुमच्या घरात. म्या डोळ्यांनी बघितलाय."

भाकरीची थाप पुन्हा सुरू झाली. जेवणं झाल्यावर चाचा त्या फोटोखालीच बसले. उजेड असेपर्यंत ती पोर त्यांच्या मांडीवरून उठली नाही.